अप्पर ऱ्हाइनचा उत्सर्जन नकाशा: डेटा नेमका कुठून उचलायचा?

ऱ्हाइन नदीकाठच्या बाझेल ते कार्ल्सरूह या पट्ट्याचा ग्रीनहाउस गॅसचा नकाशा करायचा असेल तर आधी एडगार या जागतिक उत्सर्जन-डेटाबेसचा मोह आवरा. युरोपियन कमिशनच्या जेआरसी या संशोधन केंद्राचा हा ग्रिड, म्हणजे चौकटी-चौकटींत वाटलेले आकडे, फुकट मिळतो, फ्रान्स-जर्मनी-स्वित्झर्लंड तिघांना एकच पद्धत लागते, सीमेवर रंग तुटत नाही, सगळं खरंय. पण चौकट ०.१ अंशाची, म्हणजे इथे साधारण ११ बाय ७ किमी, आणि नदी जेमतेम दोनेकशे मीटर रुंद, मग फ्रान्सकडच्या अल्सासचा कारखाना आणि पलीकडचं जर्मन बाडेनचं गाव एकाच चौकटीत जातं आणि कुठल्या पालिकेने काय करायचं तेच कळत नाही.

कारखान्यांच्या युरोपीय रजिस्टरात, म्हणजे ई-पीआरटीआरमध्ये, जागा अचूक मिळते. पण वर्षाला १ लाख टनांच्या खालचा सीओटू कळवायची सक्ती नाही, त्यामुळे छोटे बॉयलर सगळे गायब. शिवाय बायोमास जाळल्याचा सीओटू इथे एकूण आकड्यात येतो आणि ईटीएसमध्ये, म्हणजे युरोपच्या कार्बन-परवान्यांच्या बाजारात, तोच शून्य धरतात, दोन्ही एकाच नकाशावर टाकलेत तर गोंधळ ठरलेलाच.

सॅटेलाइटचं थोडक्यात: ट्रोपोमी हे सॅटेलाइटवरचं उपकरण मिथेन बघतं, सीओटू मोजतच नाही. या कामाला सोडून द्या.

माझं मत स्थानिक इन्व्हेंटरीच्या, म्हणजे गाव-शहरवार उत्सर्जनाच्या हिशोबाच्या, बाजूने. अल्साससाठी अ‍ॅटमो ग्रँद एस्त ही हवेवर लक्ष ठेवणारी संस्था गावपातळीपर्यंत आकडे देतं. किचकट काम आहे ते पद्धती जुळवायचं आणि खरा वेळ तिथेच घाला. जर्मन पालिका बिस्को या त्यांच्या हिशोबाच्या पद्धतीने वीज जिथे वापरली तिथे मोजतात, त्यात तुम्ही कार्ल्सरूहच्या कोळशाच्या प्लांटची चिमणी पण मिळवली तर तोच धूर दोनदा मोजला जातो. अल्सासमधल्या शालांपेला नायलॉनसाठी अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड बनतं, त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, त्याचा गुणक, म्हणजे तो सीओटूच्या किती पट तापवतो तो आकडा, आयपीसीसीच्या चौथ्या अहवालात (एआर४) २९८, पाचव्यात (एआर५) २६५, सहाव्यात (एआर६) २७३, म्हणजे दोन काठांनी वेगवेगळा धरला तर वायू तेवढाच राहून आकडा बदलतो. आणि बार्ज, म्हणजे नदीतली मालवाहू जहाजं, विसरू नका, एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजाचं इंधन राष्ट्रीय बेरजेच्या बाहेर वेगळं दाखवतात, त्यामुळे नुसत्या राष्ट्रीय बेरजा उचलल्यात तर ऱ्हाइनवरची बरीचशी वाहतूक दिसणारच नाही.

म्हणून पाया स्थानिक इन्व्हेंटरीचा, मोठे कारखाने रजिस्टरातून, एडगार फक्त पडताळणीला. माणसं आणि पैसे कमी असतील तर नुसता रजिस्टरवाला नकाशा करा, पण नाव मग ‘मोठ्या कारखान्यांचं उत्सर्जन’ असंच द्या, कारण घरांचं हीटिंग आणि गाड्या त्यात कुठेच नाहीत, आणि मोठे डुक्कर-कोंबडीपालन सोडलं तर शेतीही नाहीये.