भाड्याचे स्टंप ग्राइंडर: आठ महिने, सात बुंधे आणि चाकाचे बारा दात

गेल्या आठवड्यात भाड्याचे स्टंप ग्राइंडर, म्हणजे तोडलेल्या झाडाचा जमिनीतला बुंधा कातून काढायचे यंत्र, परत करायला गेले, तेव्हा दुकानातल्या माणसाने त्याचे दातेरी चाक हाताने फिरवून पाहिले, दोन दातांवर बोट ठेवले आणि म्हणाला, "ताई, हे दोन तुमच्याकडे तुटलेत, अनामतीतून कापावे लागतील." त्यांपैकी एक दात माझ्याच हातून दगडावर आपटून तुटला होता आणि तसे मी यंत्र गाडीतून उतरवण्याआधीच सांगितले होते. दुसरा मात्र मी यंत्र ताब्यात घेतले तेव्हापासूनच तुटका होता. सकाळी काढलेले छायाचित्र मी दाखवले. त्यावर, ते छायाचित्र याच चाकाचे कशावरून, असा प्रश्न आला. अर्ध्या तासाच्या वादानंतर एका दाताचे पैसे कापले गेले आणि दुसऱ्याचे परत मिळाले. रक्कम फार मोठी नव्हती. तरीही हे सविस्तर लिहायला बसले, कारण हे यंत्र आठ महिन्यांत चार वेळा भाड्याने आणल्यावर जे काही कळले ते सगळे त्या दातांपाशी येऊन थांबते, आणि भाड्याच्या पावतीवर दातांविषयी एक ओळही नसते.

यंत्र नेहमीचेच आहे: १३ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, पट्ट्यावर फिरणारे चाक, चाकावर कार्बाइडचे बारा दात, आणि मागे उभे राहून डावीउजवीकडे झुलवायचा दांडा. परसात सात बुंधे होते: चार सुबाभळीचे, दोन निलगिरीचे आणि एक माडाचा. झाडे त्याआधी वर्षभरापूर्वी तोडली होती. सुबाभळीचा एक बुंधा पहार, कुदळ आणि कुऱ्हाड घेऊन काढायचा प्रयत्न मी आणि माझ्या धाकट्या भावाने केला होता. दोन सुट्ट्या त्यात गेल्या, चारही बाजूंनी गुडघाभर खड्डा झाला, बाजूच्या मुळ्या तुटल्या. सोटमूळ मात्र जागचे हलले नाही. त्यानंतरच भाड्याच्या यंत्राचा विचार सुरू झाला.

पहिल्या वेळी मी समाधानी होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. तोच बुंधा आणि त्याच्या शेजारचा, दोन्ही अर्ध्या दिवसात जमिनीखाली गेले. वेळ अपेक्षेपेक्षा जास्त लागला, पण लाकूड वाळून कडक झाले असणार, अशी मी समजूत करून घेतली. बाहेर पडणारा भुसा पिठासारखा बारीक होता आणि हाताला चांगलाच कोमट लागत होता. ही खूण महत्त्वाची आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

दुसऱ्या वेळी पहिली निलगिरी घेतली आणि सगळे बिघडले. बुंध्याचा व्यास जमिनीलगत ५६ सेंटिमीटर भरला. येथे एक हिशेब आधीच करायला हवा होता. सुबाभळीचे बुंधे साधारण २८ सेंटिमीटरचे होते. व्यास दुप्पट झाला की तेवढ्याच खोलीसाठी काढायचे लाकूड चौपट होते. भाड्याचे अर्धे दिवस आपण बुंध्यांच्या संख्येवर ठरवतो, पण वेळ जातो तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. शिवाय बुंधा मातीलगत पसरट होत जातो, त्यामुळे गुडघ्याच्या उंचीवर घेतलेले माप उपयोगाचे नसते. हा हिशेब चुकला ती चूक माझी. मात्र त्या दिवशी जे झाले त्याचा खुलासा तेवढ्याने होत नाही. चाक लाकडाला टेकले की इंजिनाचा आवाज बसायचा, पट्टा किंचाळायचा, रबर जळाल्याचा वास यायचा आणि निलगिरीतून चक्क धूर निघायचा. दांड्याची थरथर एवढी होती की दर वीस मिनिटांनी थांबून हात चोळावे लागत होते. अर्ध्या दिवसाचे भाडे वाढवून पूर्ण दिवसाचे केले, तरी मातीखाली आठ-दहा सेंटिमीटरच्या पलीकडे गेले नाही. संध्याकाळी यंत्र परत केले, आणि पुढे काही आठवडे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले की १३ अश्वशक्तीचे यंत्र सुबाभळीपुरते ठीक आहे, निलगिरीला ते पुरे पडत नाही.

ते मत मी आता मागे घेत आहे.

तिसऱ्या वेळी मोठे यंत्र मागितले होते. ते बाहेर गेलेले असल्याने नाइलाजाने पुन्हा हेच घ्यावे लागले. हेच म्हणजे अक्षरशः हेच: चाकावरच्या झाकणाला तोच पोचा, डाव्या मुठीला गुंडाळलेली तीच काळी चिकटपट्टी. दुसरी निलगिरी ५२ सेंटिमीटरची होती. चाक कडेला टेकवले आणि पहिल्याच फेरीत बोटाच्या पेराएवढ्या ढलप्या मागच्या पडद्यावर तडतडू लागल्या. इंजिनाचा आवाज बदलला नाही. धूर नाही, वास नाही, थरथर इतकी कमी की दांडा दोन बोटांनी झुलवता यावा. पाऊण तासात बुंधा जमिनीखाली ३० सेंटिमीटरपर्यंत संपला. उरलेल्या वेळात मी पहिल्या निलगिरीकडे वळले. तोपर्यंत तिला कडेने धुमारे फुटले होते, कारण निलगिरीच्या अनेक जातींत बुंध्याच्या तळाशी, मातीखाली, सुप्त डोळे असलेली गाठ असते आणि वरवर घासल्याने ती जिवंतच राहते. ती गाठही त्याच दुपारी निघाली. परत करताना विचारले, तेव्हा कळले की मधल्या काळात चाकावरचे सगळे दात बदलले होते. दुसरे काहीही बदललेले नव्हते.

आता या दाताविषयी नीट सांगते. पोलादी बुडाच्या टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा टंगस्टन कार्बाइडचा तुकडा झाळून बसवलेला असतो. लाकूड कापते ती त्या तुकड्याची पुढची धार. पोलादी भाग फक्त तिला धरून असतो. धार शाबूत असते तेव्हा दात लाकडात शिरतो आणि ढलपी उचलतो. धार गोल झाली की तो शिरत नाही, घासतो. इंजिनाची शक्ती कापण्याऐवजी उष्णतेत जाते, चाक मंदावते, पट्टा घसरतो, आणि लाकडाचे पीठ होते. पहिल्या दिवशीचा कोमट, बारीक भुसा म्हणजे बोथट दातांची स्पष्ट साक्ष होती. दात तपासायला एक मिनिट लागते. इंजिन बंद करावे, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी आणि मगच चाकाला हात लावावा. धार उजेडात धरल्यासारखी पाहावी: धारदार कडेवर प्रकाश थांबत नाही, झिजलेल्या कडेवर पांढरी रेघ चमकते. त्या कडेवरून नख हलके ओढले तर चांगल्या दातावर नखाचा किंचित कीस निघतो, बोथटावरून ते नुसते घसरते. काही चाकांवर गोल दात असतात. त्यांचा बोल्ट सैल करून दात एक-तृतीयांश वळवला की न वापरलेली धार पुढे येते, म्हणजे एका दाताला तीन आयुष्ये मिळतात. दुकानात तसे दात असतील तर ते वळवून द्यायला सांगावे. ते काम काही मिनिटांचे असते.

भाड्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. बोथट दातांच्या यंत्राचे पूर्ण दिवसाचे भाडे भरून मी एक निलगिरी अर्धवट सोडली, आणि धारदार दातांच्या त्याच यंत्राने अर्ध्या दिवसात एक पूर्ण आणि एक उरलेली अशा दोन संपवल्या. दर तोच, पावती तीच, काम दुपटीहून अधिक. पेट्रोल आपल्या पैशाचे असते, हे लक्षात घेतले तर फरक आणखी वाढतो. सातही बुंधे धारदार दातांनी एकत्र काढले असते तर दोन दिवसांत काम उरकले असते, असा माझा अंदाज आहे. चार वेळा आणण्या-नेण्याचा खर्च वेगळाच. शंभर किलोंहून जड यंत्र दर वेळी फळीवरून गाडीत चढवणे हे दोघांचे काम आहे आणि त्याचा शीण कोणत्याही पावतीत दिसत नाही.

चौथ्या वेळी म्हणून मी आधी चाक पाहिले. अकरा दात चांगले होते, बाराव्याचा कोपरा उडालेला होता. छायाचित्र काढले, पण ते दुकानदाराला तेव्हाच दाखवून पावतीवर लिहून घेतले नाही. पुढचा वाद त्या आळसामुळे झाला. त्या दिवशी सुबाभळीचे उरलेले दोन बुंधे आणि माड घेतला. सुबाभळीच्या दुसऱ्या बुंध्यात दोन मुळ्यांच्या बेचक्यात एक दगड अडकलेला होता, आणि मूळ त्याच्याभोवती वाढून दगड पुरता झाकला गेला होता. वरून माती साफ केली असती, पहारीने बेचके टोकरले असते, तर तो कदाचित सापडला असता. ठिणगी उडाली, एक कर्कश टणत्कार झाला आणि यंत्र हातात उसळले. बंद करून पाहिले, तर एका दाताचे कार्बाइड अर्धे गेले होते. कार्बाइड गारगोटीपेक्षा पुष्कळ कठीण असते, मोहस् मापनावर गारगोटी ७ आणि कार्बाइड ९ च्या आसपास. पण ते ठिसूळही असते, आणि वेगाने फिरणाऱ्या चाकावर दगडाचा एक फटका त्याला पुरतो. तेव्हापासून मला वाटते की दगड उपसणे आणि मुळ्यांमधली माती खरवडणे यात गेलेला अर्धा तास कधीही वाया जात नाही. तुटलेल्या दाताचे पैसे मी तक्रार न करता दिले, कारण ते देणे योग्यच होते.

माडाचा अनुभव निराळा आहे. त्याला सोटमूळ नसते, लाकूडही खऱ्या अर्थाने लाकूड नसते. ढलप्या पडण्याऐवजी काथ्यासारखे लांब दोरे निघतात आणि ते चाकाभोवती, झाकणाच्या आत गुंडाळले जातात. चार वेळा यंत्र बंद करून कोयत्याने ते कापून काढावे लागले. मात्र तो पुन्हा फुटत नाही, त्यामुळे फार खोल जाण्याची गरज नव्हती.

चालवण्याची पद्धत चित्रफितींत पुष्कळांनी दाखवली आहे, म्हणून त्यात शिरत नाही. एवढेच सांगते की चाक बुंध्याच्या मधोमध खुपसू नये. जवळच्या कडेवरून थोडे थोडे खाली घेत झुलवत जावे. बुंधा उंच असेल तर आधी करवतीने जमिनीलगत कापून घ्यावा. पाण्याची नळी आणि विजेची तार कुठून जाते हे खात्रीने माहीत असल्याशिवाय इंजिन सुरूच करू नये. कानांचे संरक्षण दुकानातून मिळाले नाही, ते स्वतःचे न्यावे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास हीच मर्यादा मानली जाते, दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. आणि हे यंत्र शेजारी उभ्या माणसाशी ओरडूनही बोलू देत नाही.

भुशाविषयी मला कोणीही आधी सांगितले नव्हते. भरीव लाकूड मोडून ढलप्या झाल्या की ते अडीच-तीन पट जागा घेते. ५६ सेंटिमीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर खोल बुंधा म्हणजे सुमारे ७४ लिटर लाकूड, आणि त्याचा ढीग दोनशे लिटरच्या आसपास, वर मिसळलेली माती वेगळी. पहिल्या दोन खड्ड्यांत मी तोच भुसा परत लोटला, वर थोडी माती टाकली आणि रोपे लावली. महिन्याभरात पाने पिवळी पडली. लाकडात कर्बाच्या मानाने नत्र अत्यल्प असते, कर्ब-नत्र गुणोत्तर शेकड्यांत जाते. ते कुजवणारे सूक्ष्मजीव सभोवतालच्या मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहते. पुढे तो भुसा बसला आणि दोन्ही ठिकाणी वीतभर खळगा पडला. आता मी भुसा खड्ड्यातून पूर्ण उपसते, मोठ्या झाडांच्या आळ्यांवर आच्छादन म्हणून पसरते, जिथे तो मातीत मिसळत नाही आणि अपायही करत नाही, आणि खड्डा नुसत्या मातीने, जमिनीपेक्षा थोडा उंच भरते.

मोकळी, मोठी जागा असेल आणि बुंधे डझनभर असतील, तर जेसीबी लावणे अधिक स्वस्त पडेल, हे मी मान्य करते. माझ्या परसाचे मागचे दार जेमतेम पाऊण मीटर रुंद आहे. त्यातून हे यंत्र आत येते, जेसीबी येत नाही. भोके पाडून सोरा भरणे किंवा बुंधा जाळणे हे दोन्ही उपाय मी विचारात घेऊन सोडून दिले: पहिल्याला महिनोन्‌महिने लागतात, दुसऱ्यात आग मुळांच्या वाटेने कुठवर जाईल यावर आपला ताबा राहत नाही.

वादानंतर मी परतीची पावती पुन्हा मागून घेतली आणि तिच्यावर "दात बारा, दहा चांगले, दोन बदलायचे" असे त्यांच्याच हाताने लिहून घेतले. त्यांनी ते काहीशा नाराजीने लिहिले, तरी लिहिले. आमचे शेजारी येत्या रविवारी हेच यंत्र नेणार आहेत. पावतीची प्रत आणि चाकाचे छायाचित्र मी कालच त्यांच्याकडे देऊन आले.