हाताने सेक्शन कापताना पान कशात धरायचं, भेंडात की बटाटा-गाजरात?

पातळ पान नुसतं बोटात धरून कापता येत नाही, वाकतं, हे सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप) कापणाऱ्या सगळ्यांना माहितीच आहे. प्रश्न एवढाच की आधाराला घ्यायचं काय. मी दोन्ही भरपूर वापरलंय, आता शक्यतो भेंडच (खोडाच्या मधला मऊ गाभा) घेतो, पण बटाटा-गाजर अगदीच टाकाऊ आहे असंही नाही.

गाजराचा फायदा म्हणजे ते ओलं असतं, ब्लेड छान सरकतं आणि नवीन शिकणाऱ्याचा हात पटकन बसतो. बटाटाही तसाच. दोन्ही लगेच सुकतात, खराब होतात, पण ते चालवून घेता येतं.

मला जे अजिबात चाललं नाही ते बटाट्याचं स्टार्च. पेशी कापली गेली की आतले कण बाहेर येतात, पाण्यात पसरतात आणि थेट आपल्या सेक्शनवर जाऊन बसतात. नुसत्या शिरा बघायच्या असतील तर ठीक, पण पानात स्टार्च आहे का हे बघायला आयोडीन टाकलं की जिकडेतिकडे निळेकाळे ठिपके, आता यातले पानाचे कुठले आणि बटाट्याचे कुठले? फोकस वरखाली करून काही ओळखता येतात म्हणा, पण काठाच्या फाटलेल्या पेशींत घुसलेले कण कळत नाहीत आणि कितीही धुतलं तरी थोडे राहतातच. गाजराचा त्रास कमी, त्याचे केशरी कण निदान रंगावरून तरी ओळखू येतात.

वाळलेल्या भेंडात ही भानगडच नाही. पेशी मेलेल्या, आत नुसती हवा आणि भोवती पातळ भिंत, म्हणून तर ते इतकं हलकं लागतं. त्याचा तुकडा स्लाइडवर आलाच तर रिकामी घरं दिसतात, गोंधळ होत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचातल्या पेशी दाखवल्या तेव्हा एल्डर नावाच्या झुडपाच्या भेंडातही तशीच घरं असल्याचं लिहिलं होतं. शिवाय कोरड्या भेंडाला उभी चीर देऊन पान आत सरकवायचं आणि मग पाण्यात बुडवायचं, ते जरा फुगतं आणि पान आपोआप घट्ट धरलं जातं, ही पकड मला तरी गाजरात कधी मिळाली नाही. ब्लेड मात्र नवीन हवं, धार गेली असेल तर भेंडाचा नुसता चुरा होतो.

भेंड निवडताना थोडं बघून घ्या. एल्डर उत्तम, सूर्यफुलाचं वाळलेलं खोडही चांगलं चालतं. कोवळ्या फांदीचं हिरवट ओलं भेंड नको, त्या पेशी जिवंत असतात आणि त्यात स्टार्च असू शकतं, म्हणजे परत तोच त्रास. अक्रोडाच्या फांदीत आडवे पडदे आणि मध्ये पोकळ्या, तिथे पान धरायला काही मिळतच नाही. आणि जाड बुंध्याच्या मागे लागू नका, झाड कितीही रुंद झालं तरी भेंड पहिल्या वर्षी झालं तेवढंच राहतं, जोरात वाढलेल्या एका वर्षाच्या फांदीत ते जास्त जाड मिळतं. वाळवून कोरड्या डबीत ठेवलं की लागेल तेव्हा तुकडा कापून घ्यायचा.