सूक्ष्मदर्शक: आरशाचा की एलईडी दिव्याचा?

संयुक्त सूक्ष्मदर्शक घेताना प्रकाशासाठी आरसा असलेला घ्यावा की एलईडी दिव्याचा, असे एका शिक्षिकेने विचारले. आरशाला वीज लागत नाही, मऊ कापडाने पुसला की काम भागते आणि बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही. मात्र ढग आला की कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींच्या भिंती अंधुक होतात आणि आरसा पुन्हा फिरवत बसावे लागते. (तो थेट सूर्याकडे कधीही वळवू नये, डोळ्याला इजा होते.) दिव्याचा प्रकाश स्थिर असतो, त्यामुळे ४० पटींच्या वस्तुभिंगाखाली (नमुन्याजवळच्या भिंगाखाली), जिथे दृश्य मुळातच काळपट दिसते, तिथे तो स्पष्ट उजवा ठरतो, दुरुस्ती मात्र घरी होत नाही. पेशींची ओळख करून देण्यापुरते काम असल्यास आरसा पुरे. काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये तेल घालून १०० पटींच्या भिंगाने जीवाणू पाहायचे असतील, तर दिवाच घ्यावा.