डाय लावलेली टायटॅनिया पावडर: मेथिलीन ब्लू उडाला, फिनॉल जागचं हललं नाही

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी 25 ग्रॅमची डबी मागवली होती, लेबलवर लिहिलंय साध्या एलईडीखाली पाण्यातली प्रदूषकं नष्ट होतात. कंपनीचं नाव घेत नाही, पण कोणी अशी पावडर घेणार असाल तर आधी हे वाचा.

कल्पना मला मनापासून आवडते. साध्या टायटॅनियाला (टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरी पावडर) 388 नॅनोमीटरच्या खालचा यूव्हीच लागतो, आणि उन्हात यूव्ही जेमतेम 4-5 टक्के, मग त्यावर इओसिनसारखा डाय (गुलाबी रंगद्रव्य) बसवायचा, तो हिरवा प्रकाश शोषतो, इलेक्ट्रॉन टायटॅनियात सोडतो, तिथून तो इलेक्ट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतो आणि त्याचं सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप) बनून घाण तोडायला लागतं. ग्रेट्झेल आणि ओ'रेगन यांचा 1991 चा सोलर सेल याच युक्तीवर चालला.

100 मिली मेथिलीन ब्लूत (टेस्टला वापरतात तो निळा रंग) 100 मिलीग्रॅम पावडर टाकली, अर्धा तास अंधारात ढवळली, मग एलईडी लावला. दोन तासांत निळा रंग गायब, मी खूश. पण मॅडम म्हणाल्या शेजारी डाय न लावलेली पांढरी पावडर पण लाव, आणि खरंच, तिथेही रंग फिका पडत गेला! कारण मेथिलीन ब्लू स्वतःच डाय आहे, 664 नॅनोमीटरला प्रकाश शोषून तो स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतो. म्हणजे निळा उडाला यावरून पावडरचं काहीच सिद्ध होत नाही, आणि माहितीपत्रकात टेस्ट फक्त त्याचीच दिलीये.

मग फिनॉल घेतलं (फरशीचं फिनाईल नाही), बिनरंगी, दृश्य प्रकाश शोषतच नाही. चार तासांनी स्पेक्ट्रोत (कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) फिनॉलचा 270 नॅनोमीटरचा पीक जवळपास तेवढाच, म्हणजे फिनॉल तुटलंच नाही.

त्याहून वाईट म्हणजे रंग सुटतो. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी हलकं गुलाबी होतं, सोडा टाकून पीएच 9 केला तर गडद गुलाबी आणि तळाला पावडर पांढरीफटक. डाय कार्बॉक्सिल गटाने (रेणूतला आम्लधर्मी भाग) चिकटवलेला असला की अल्कलीत ती पकड सुटते. इचलकरंजीकडे कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह डाइंगला सोडा अ‍ॅश वापरतात, ते पाणी अल्कलाइनच असतं, तिथे ही पावडर टाकली तर घाण जायची सोडा, आपणच पाण्यात अजून एक रंग घालू. फॉस्फोनेट (फॉस्फरस असलेला गट) पकडीचा डाय पाण्यात जास्त टिकतो, तसा मिळाला तर तोच घ्या.

पॅकिंग चांगलं, डिलिव्हरी वेळेत. 5 पैकी 2 स्टार. घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे फिनॉलचा ग्राफ आणि पीएच 9 ला किती रंग सुटतो तो आकडा मागा, नाही दिला तर पैसे भरू नका.