सोलापुरात भंगार-रिसायकलिंगमध्ये उतरायचंय? चिंध्या, प्लॅस्टिक की नोकरी

मावसभावाचा पोरगा बीएस्सी होऊन घरी बसलाय. परवा गोडाऊनवर आला आणि म्हणाला, काका, मला या लाइनमध्ये यायचंय, पण नेमकं कशात येऊ? त्याला दोन तास बसवून जे सांगितलं तेच इथं टाकतोय, कारण हल्ली बरीच पोरं हेच विचारतात आणि त्यांना नीट सांगणारं कुणी भेटत नाही. माझं अक्कलकोट रोडला निवडीचं गोडाऊन आहे, चिंध्या आणि प्लॅस्टिक दोन्ही हाताखालून गेलंय.

आधी चिंध्या. टॉवेल-चादरीचं गाव आपलं, माल दारातच तयार होतो. लूमवरचं तुटकं सूत, कापडाच्या कडा, शिलाईतले तुकडे. भांडवल प्लॅस्टिकपेक्षा बरंच कमी लागतं, काटा, कोरडी जागा आणि निवडीला चार माणसं असली की सुरुवात होते. पांढरं सुती वेगळं काढलं की भाव चांगला, रंगीत त्याच्या खाली, आणि मिक्स झालं की सगळाच लॉट मिक्सच्या भावात जातो. गॅरेज-कारखान्यात मशीन पुसायला जातं, गादीवाले नेतात, मोठ्या गाठी पानिपतकडं. सुती की पॉलिस्टर हे ओळखायला धागा जाळून बघायचा, सुती कागदासारखा जळतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. अडचण अशी की टॉवेलच्या ऑर्डरी थंड पडल्या की लूम बंद, आणि लूम बंद म्हणजे तुमचा मालही बंद. आणि तो कापसाचा भुसका, तो छातीत बसतो आणि ठिणगी पडली तर गोडाऊन घेऊन जातो, मास्क आणि आग विझवायचं सिलेंडर पहिल्या दिवसापासून पाहिजेच.

आता प्लॅस्टिक. ग्राइंडर, धुवायचे हौद, दाणा (प्लॅस्टिक वितळवून केलेले बारीक मणी) काढायचं मशीन, थ्री फेज कनेक्शन, प्रदूषण मंडळाची परवानगी, म्हणजे पैसा आधी अडकतो. शिवाय पाणी. सोलापुरात घरच्या नळालाच रोज पाणी येत नाही तिथं धुलाईचं युनिट टाकायचं तर तेच पाणी गाळून परत फिरवायची सोय आधी करा, मशीनचं नंतर बघा. पण खरी मेख निवडीत आहे. बादलीभर पाण्यात तुकडे टाका, एचडीपीई (जाड कॅन-डब्यांचं प्लॅस्टिक) आणि पीपी (पोती, झाकणांचं) तरंगतात, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं) आणि पीव्हीसी (पाइपांचं) दोन्ही बुडतात, आणि घात तिथंच होतो. बाटलीच्या पेटमध्ये थोडं जरी पीव्हीसी राहिलं तर पेट वितळायच्या आधीच ते करपतं, ॲसिडचा धूर सुटतो आणि मालात काळे ठिपके येतात. माझा एक अख्खा लॉट असा परत आलाय, भाडं दोन्हीकडचं माझ्याच अंगावर. बाकी दर कच्च्या तेलावर नाचतो, नवा दाणा स्वस्त झाला की आपला दाणा कुणी विचारत नाही. तरी पुढचा काळ या धंद्याला बरा दिसतो, कारण कडक पॅकिंगमध्ये (बाटल्या, डबे) ३० टक्के रिसायकल प्लॅस्टिक वापरायचं टार्गेट २०२५-२६ पासून कंपन्यांवर आलंय, त्यामुळं कागदपत्रं नीट असलेल्या युनिटला गिऱ्हाईक मिळणार.

लोखंड-तांब्याचं थोडक्यात सांगतो, १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून स्क्रॅप घेतलं तर जीएसटी घेणाऱ्यानं भरायचा, म्हणजे वहीवर धंदा करायचे दिवस गेले. ई-कचऱ्यात नवख्यानं पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमात नुसतं खोलून विकणाऱ्याला वेगळी नोंदणीच नाही, आणि अंगणात वायरी जाळून तांबं काढणं हा गुन्हा तर आहेच, वर लहान पोरांच्या फुफ्फुसाशी खेळ आहे.

राहिली नोकरी. महापालिकेच्या लाइनला स्वच्छता निरीक्षकाचा डिप्लोमा लागतो आणि जागा निघायची वाट बघावी लागते. ठेकेदाराकडं सुपरवायझरची नोकरी लवकर मिळते, पण ठेका संपला की नोकरी संपते, जुन्या कचरा डेपोच्या बायोमायनिंगचंही (साठलेला ढीग उकरून, चाळून वेगळा करायचं काम) तसंच, ढीग संपला की काम संपलं. नियमानं ओला-सुका कचरा घरातच वेगळा व्हायला पाहिजे, पण घंटागाडीत अजूनही डायपर, सुया, मोबाईलच्या बॅटऱ्या सगळं एकत्रच येतं, आणि दाबलेल्या बॅटरीनं गाडीत आग लागू शकते, हे सांभाळायचं काम सुपरवायझरच्याच डोक्यावर. बीएस्सी-बीकॉमवाल्यांना एक जागा मात्र खरंच चांगली आहे, कंपन्यांचं ईपीआरचं (आपल्या मालाचा कचरा गोळा करून रिसायकल करायची कंपनीवरची कायदेशीर जबाबदारी) सरकारी पोर्टलवरचं काम, बिलं, वजनपावत्या, रिटर्न. हे येणारी माणसं आपल्याकडं फार कमी आहेत.

म्हणून घरात दोन-तीन लाख असतील आणि लूमवाल्यांत ओळख असेल तर चिंध्या. प्लॅस्टिकमध्ये जायचं तर आधी दुसऱ्याच्या युनिटवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा, उन्हाळ्यात पाणी कळतं आणि पावसाळ्यात माल कसा भिजतो ते कळतं. दर महिन्याला पगार हवाच असेल तर ईपीआरचं काम शिका.

पोरगा म्हणाला, मला प्लॅस्टिकच. म्हटलं ठीक आहे, सोमवारी आठला ये. आमच्या निवडीच्या दोन मावशी आधी विड्या वळायच्या, त्या नुसत्या बोटांनी चोळून पीपी की एचडीपीई ते सांगतात. पहिला महिना त्यांच्या शेजारी बसायचंय त्यानं, ग्राइंडरला हात लावायचा नाही.