अंबाजोगाईचं पुस्तकाचं दुकान, देवांच्या जातीचं विचारायला गेले होते

योगेश्वरीच्या देवळाकडं जाताना लागतं हे दुकान, बाहेर हळदीकुंकू अन् माळा, आत भिंतभर पोथ्या. मी नर्स आहे, ड्यूटी संपवून तशीच गेले, कारण पोरीनं विचारलं होतं आई देवांमधी पण जाती असतात का, अन् मला काही सांगता येईना. खंडोबाची म्हाळसा वाण्याची अन् बाणाई धनगराची एवढं जागरणात ऐकलेलं, पण पोथीत काय हाय ते ठाऊक नव्हतं.

काकांनी नीट ऐकून घेतलं अन् बृहदारण्यक उपनिषद काढलं, मराठी अर्थासहित. पहिला अध्याय, चौथं ब्राह्मण, इथं ब्राह्मण म्हणजे पोथीतला भाग, जात नाही. बोट ठेवून वाचून दाखवलं, देवांमधी अग्नी ब्राह्मण, इंद्र वरुण सोम रुद्र यम हे क्षत्रिय, वसू आदित्य मरुत असे गणानं मोजायचे ते वैश्य, अन् पूषा शूद्र. म्हणजे हायेच, नाही म्हणता येत नाही. पण त्याच ओळीत पुढं म्हणलंय की ही पृथ्वीच पूषा, जे काही आहे त्या सगळ्याला हीच पोसते. मी परत वाचायला लावलं.

मग महाभारत काढलं. शांतिपर्वात अश्विनीकुमार शूद्र म्हणलेत, अन् वनपर्वात इंद्र म्हणतो हे वैद्य, कामकरी, माणसांत हिंडणारे, यांना यज्ञातला सोमरस कशाला. च्यवन ऋषी ऐकत नाहीत, सोमरस देतातच, इंद्र वज्र उगारतो तर त्याचा हात तिथंच अडकवून ठेवतात. तिथं मला लई भरून आलं. एका घरी रात्रभर बाळंतिणीपाशी बसले होते मी, बाळ माझ्या हातात आलं, अन् सकाळी मला चहा दिला तो बाहेर ओट्यावर, कान तुटलेल्या वेगळ्या कपात. काकांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, स्टूल पुढं सरकवलं अन् आतून पाणी आणून दिलं.

उपनिषद २८० ला घेतलं, महाभारताचे खंड महाग आहेत, पण दुकानात बसून वाचू देतात. बाइंडिंग कच्चं आहे, मधली पानं आत्ताच सुटायलीत, घेताना बघून घ्या. दुपारी बंद असतं, चारनंतर जा अन् घाईत जाऊ नका. पोरीनं पूषाच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारलीय, आता च्यवनाची गोष्ट स्वतः वाचायची म्हणून रविवारी तिला घेऊन चाललेय.