नवी वॅगनआर, जुनी वॅगनआर आणि दुसरी चावी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात दत्तजयंतीच्या संध्याकाळी नरसोबाच्या वाडीच्या वाहनतळावर आई आणि मी आमच्याच गाडीच्या काचेतून आत पाहत उभे होतो, कारण गाडीची एकुलती एक चावी त्या गर्दीत माझ्या खिशातून कुठेतरी पडली होती. दोन तास शोधाशोध केली, ध्वनिक्षेपकावरून दोनदा सूचना दिली, आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरील सांगलीपर्यंत गाडी टोचन करून आणण्यासाठी २,२०० रुपये मोजले. त्या रात्री या अनुभवाविषयी लिहायला बसलो असतो तर ‘जुनी गाडी घेऊ नका’ या चार शब्दांतच लेख संपला असता. आता राग निवळला आहे, हिशेबाची वहीही समोर आहे.

२०२५ च्या गुढीपाडव्याला आमच्या घरात दोन वॅगनआर आल्या. पिंपरीत राहणाऱ्या धाकट्या भावाने १.२ लिटर पेट्रोलची नवी गाडी घेतली आणि मी त्याच इंजिनक्षमतेची, मार्च २०१९ मध्ये तयार झालेली, ४८,३०० किलोमीटर चाललेली गाडी कोल्हापुरातील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून ४,१०,००० रुपयांना घेतली. भावाच्या गाडीची शोरूम किंमत साडेसहा लाखांच्या आसपास होती. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला लागणारा ११ टक्के एकरकमी रस्ता कर, म्हणजे सुमारे ७१,५०० रुपये, तीन वर्षांच्या सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यासह विम्याचा हप्ता आणि इतर किरकोळ खर्च धरून गाडी दारात येईपर्यंत पावणेआठ लाख झाले. बाहेरून दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच दिसतात. उंच बसण्याची सोय, आईला वाकावे न लागणारे दार आणि ३४१ लिटरची डिकी हे सर्वांना ठाऊकच आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

पहिले तीन महिने मी भावाला फोनवर ऐकवत होतो की त्याने निव्वळ प्लास्टिकच्या वासासाठी साडेतीन लाख जास्त मोजले. जूनमध्ये माझा सूर जरा खाली आला. पहिल्या पावसात गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताच घसरू लागली, तेव्हा टायरच्या कडेवरचा चार आकडी क्रमांक वाचला : १२१९, म्हणजे २०१९ सालचा बारावा आठवडा. टायर गाडीबरोबरचेच होते. नक्षी शाबूत होती, पण बाजूच्या रबराला नखाने जाणवतील अशा बारीक चिरा गेल्या होत्या. गाडी घेताना मी टायरची नक्षी नाण्याने मोजली होती आणि तारीख मात्र पाहिली नव्हती, हा दोष पूर्णपणे माझा. चार टायरचे १८,४०० रुपये, पाठोपाठ बॅटरीचे ४,६०० आणि गणपतीच्या आधी क्लच प्लेटचे मजुरीसह ९,२०० असे एकूण ३२,२०० रुपये गेले. भावाचा या काळातील खर्च म्हणजे मोफत सर्व्हिसिंगमधील तेलाचे पैसे.

मग सप्टेंबर आला आणि फोनवर गप्प राहण्याची पाळी भावावर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर जाऊन सरळ १८ टक्के जीएसटी लागू झाला. साडेसहा लाखांच्या गाडीचा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा करापूर्वीची किंमत पाच लाख चार हजारांच्या घरात निघाली आणि तिच्यावर १८ टक्के लावल्यावर शोरूम किंमत सुमारे ५५,००० रुपयांनी खाली आली. सहा महिन्यांपूर्वी पाडव्याचा मुहूर्त साधणाऱ्या माणसाला हे सांगणे बरे नव्हे, तरी मी सांगितले. आठवडाभराने लक्षात आले की नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही तिच्यामागे उतरतो, म्हणजे माझेही काही हजार बसल्या जागी गेलेच होते. भावाला हे अद्याप सांगितलेले नाही.

चालवण्यातील फरक अपेक्षेपेक्षा कमी आहे. भावाच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे आणि गाडीत बसताक्षणी ते बटण दाबून ती सोय बंद करणे हा त्याचा नित्यनेम आहे. ताशी ८० च्या पुढे वाजणारी सूचना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर भावाची गाडी ठरावीक वेळाने टुणटुणते, तेव्हा आई मागे वळून कोणाचा फोन वाजतो आहे ते पाहते. इंधनाच्या बाबतीत मात्र नवी गाडी उजवी आहे. टाकी पूर्ण भरून टिपलेल्या नोंदींनुसार माझे ॲव्हरेज १६.५ आणि त्याचे १९ पडते. वर्षाला ९,००० किलोमीटर धरले तर माझे सुमारे ७२ लिटर, म्हणजे सात-साडेसात हजार रुपये जास्त जळतात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याची गाडी त्यासाठी बनवलेली आहे, माझी बीएस-४ म्हणजे आधीच्या प्रदूषण निकषांची गाडी त्या काळातील नव्हे. आजवर काही बिघडलेले नाही, पण रबरी नळ्या दर सर्व्हिसिंगला तपासून घेतो.

एक गोष्ट मी पहिल्या मसुद्यात लिहिलीच नव्हती. माझ्या गाडीत एअरबॅग एकच आहे, तीही चालकापुढे. आई नेहमी शेजारच्या सीटवर बसते. भावाच्या गाडीत दोन आहेत, आणि त्याच्या खरेदीनंतर थोड्याच काळात कंपनीने सर्वच वॅगनआरमध्ये सहा दिल्या. चावीबद्दल पानेच्या पाने लिहिणाऱ्या माणसाला हे आठवायला दुसरा मसुदा लागला, याची नोंद करून ठेवतो. तेव्हापासून आई मागे बसते आणि समोरचे नीट दिसत नाही अशी कुरकूर करते.

आता चावी. व्यवहाराच्या दिवशी व्यापाऱ्याने गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर पहिल्या मालकाच्या सह्या दाखवल्या, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला दिला, विम्याची प्रतही दिली. चावी मात्र एकच हातावर ठेवली आणि “दुसरी मालकांच्या कपाटात आहे साहेब, पुढच्या आठवड्यात पाठवतो,” असे सांगितले. कागदपत्रे चोख असल्यामुळे मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घेतला. माझी आधीची गाडी विकताना जपून ठेवलेला ५० टक्के नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जी गाडीची नसून माणसाची असते, तोही लावून घेतला. त्या कामात मी जी चिकाटी दाखवली तिचा दहावा हिस्सा चावीसाठी दाखवली असती तर वाडीला ती वेळ आली नसती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी फोन करत असे आणि तो “नक्की साहेब” म्हणत असे. आठ महिन्यांत आवाजातील अदब तसूभरही कमी झाली नाही, चावीही आली नाही.

ही चावी किल्लीवाल्याकडून घासून घेता येत नाही. तिच्या प्लास्टिकच्या मुठीत एक चिप असते. ती गाडीतील इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, ओळखली तरच इंजिन सुरू होते. सर्व्हिस सेंटरने चॅसिस क्रमांकावरून दोन चाव्या मागवल्या. नऊ दिवस मी रिक्षाने फिरलो आणि कोडिंगसह, म्हणजे गाडीला नव्या चाव्यांची ओळख करून देण्यासह, ७,९०० रुपये भरले. कोडिंग करणाऱ्या मुलाने लॅपटॉप डॅशबोर्डखाली जोडला, एकेक चावी फिरवली आणि कुलपाच्या चिन्हाचा तांबडा दिवा विझल्यावर म्हणाला, “काका, आता जुन्या चाव्या गाडीच्या लेखी मेल्या. वाडीला कुणाला सापडली तरी भीती नाही.”

तर वहीतील बेरीज अशी : दुरुस्ती ३२,२००, चाव्या ७,९००, टोचन २,२००, एकूण ४२,३००. गाडीची किंमत धरून ४,५२,३०० रुपये झाले, म्हणजे भावापेक्षा ३,२२,७०० कमी. एवढी रक्कम ७ टक्क्यांनी बँकेत ठेवली तर वर्षाला साडेबावीस हजार व्याज येते, त्यातून पेट्रोलचा फरक सुटतो आणि दोन-तीन वर्षांत एकदा टायरही निघतात. त्यामुळे डिसेंबरमधील माझे मत मी मागे घेतो. वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत चालवणाऱ्याने सहा-सात वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली गाडी अवश्य घ्यावी, मात्र शेवटचे दहा हजार रुपये दुसरी चावी हातात पडेपर्यंत व्यापाऱ्याला देऊ नयेत. रोज पन्नास-साठ किलोमीटर कामावर जाणाऱ्या भावासारख्याने नवीच घ्यावी, त्याबद्दल आता माझा त्याच्याशी वाद नाही.

फेब्रुवारीत, मी फोन करणे सोडून दोन महिने झाल्यावर, व्यापाऱ्याचा माणूस घरी येऊन पाकीट देऊन गेला. आत दुसरी चावी होती. पहिल्या मालकाने ती बहुधा कधी वापरलीच नसावी, कारण बटणांवरील चित्रे कोरी करकरीत होती आणि कंपनीचा क्रमांकाचा बिल्लाही तारेत तसाच अडकवलेला होता. मी लगेच खाली जाऊन ती लावून पाहिली. दार उघडले. इग्निशनमध्ये फिरवल्यावर तांबडा दिवा लुकलुकत राहिला आणि इंजिन काही सुरू झाले नाही. सध्या ती आईच्या पिशवीत असते. बाजारातून आम्ही गाडीपाशी परतलो की आई माझी वाट न पाहता गाडीचे दार उघडून भाजी आत ठेवते आणि मागच्या सीटवर जाऊन बसते.